आधी सातबारा, मग तंबू

रानवाट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत शार्लट शहरात नोकरीला आहे. एप्रिलमध्ये मी आणि सौ. तिकडे जाणार आहोत. तो म्हणतो, हॉटेलवर पैसे घालवण्यापेक्षा ॲपलेशियन डोंगरात, सरकारी जंगलात तंबू ठोकून दोन रात्री राहू, एक पैसा लागत नाही. आमचा विश्वास बसत नाही. सरकारी जंगलात असं कोणी राहू देतं का? शिवाय तिथे अस्वलं आहेत म्हणतात. तुमची मुलगी तिकडे असते आणि तुम्ही असे राहून आलात, हे याच सदरात वाचलं होतं, म्हणून विचारतो.
— निवृत्त शिक्षक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : गुरुजी, पोरगं खोटं बोलत नाही. पण तुमची शंका मला शंभर टक्के समजते. मी ३१ वर्षं वनखात्यात काढली, त्यातली पहिली बारा वनरक्षक म्हणून. जंगलात रात्री जाळ दिसला की उठायचं, काठी-टॉर्च घ्यायची, कोण आहे ते बघायचं, गरज पडली तर पंचनामा करायचा, हे अंगात मुरलेलं. त्यामुळे व्हर्जिनियातल्या डोंगरात मुलीने एका कच्च्या रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून "बाबा, आज इथंच झोपायचं" म्हटलं, तेव्हा मी रात्रभर वर्दीवाल्याची वाट पाहत जागा होतो. सकाळी आला एक जण, वनखात्याच्या गाडीतून. हात हलवला आणि पुढे गेला. बस. माझ्या सगळ्या नोकरीचा जणू अपमान झाल्यासारखं वाटलं.

आधी एक घोळ मिटवतो, कारण तिथेच लोक चुकतात. तिकडे 'नॅशनल पार्क' वेगळं आणि 'नॅशनल फॉरेस्ट' वेगळं; दोघांची खातीही वेगळी. फॉरेस्ट हे कृषी खात्याखाली येतं. पार्कात फुकट तंबूचं नाव काढू नका. ग्रेट स्मोकी माउंटन्स हे त्या भागातलं सगळ्यात गाजलेलं पार्क. प्रवेशाला पैसे नाहीत, पण आत रानात झोपायचं तर परवाना आणि माणशी रात्रीला ८ डॉलर. २०२३ च्या मार्चपासून गाडी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उभी करायची तरी दिवसाचे ५ डॉलर. ब्लू रिज पार्कवे हा ४६९ मैलांचा डोंगरमाथ्याचा रस्ता मुलगा नक्की दाखवेल. त्याच्या कडेच्या देखाव्याच्या थांब्यांवरही रात्र काढता येत नाही.

फुकट आहे ते नॅशनल फॉरेस्टमध्ये. त्याला ते 'डिस्पर्स्ड कॅम्पिंग' म्हणतात. म्हणजे नळ नाही, संडास नाही, कचरापेटी नाही, चौकीदार नाही; मोकळी जागा आणि आपण. बहुतेक ठिकाणी एका जागी १४ दिवसांची मर्यादा असते. तुमच्या मुलाला जवळ पडेल ते नॉर्थ कॅरोलिनातलं पिसगा, त्याला लागून नॅनटहाला. थोडं लांब गेलात तर टेनेसीतलं चेरोकी, जॉर्जियातलं चॅटाहूची. आमची मुलगी व्हर्जिनियात ब्लॅक्सबर्गला असते, म्हणून आम्ही राहिलो ते जॉर्ज वॉशिंग्टन अँड जेफरसन फॉरेस्टमध्ये. ते सुमारे १८ लाख एकर आहे.

आता मुख्य गोष्ट. गुरुजी, तुम्ही शेत घेताना आधी काय बघता? सातबारा. तिथेही तेच करायचं. कारण हे जंगल आपल्या राखीव जंगलासारखं एकसंध नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडे जमीन मुळातच सरकारची होती, म्हणून तिकडच्या लोकांचे सल्ले पूर्वेला लागू पडत नाहीत. ॲपलेशियात जमीन शेतकऱ्यांची, लाकूड कंपन्यांची, श्रीमंतांची होती. कंपन्यांनी डोंगर बोडके केले, नद्यांना पूर येऊ लागले, तेव्हा १९११ साली 'वीक्स ॲक्ट' नावाचा कायदा झाला आणि सरकारने त्या जमिनी रोख मोजून विकत घ्यायला सुरुवात केली. पिसगाचा मोठा भाग व्हँडरबिल्ट घराण्याच्या इस्टेटीतून १९१४ साली घेतला, एकरी पाच डॉलरच्या आसपास. ज्याने विकली नाही त्याची जमीन तशीच मध्ये राहिली. म्हणून नकाशावर हिरवं दिसतं ते सगळं सरकारी नसतं. हिरव्यात कोणाची तरी बखळ असते, कोणाचं गवताचं रान, कोणाच्या आजोबांचं घर.

हे मला पुस्तकातून नाही, अंगावरून कळलं. दुसऱ्या खेपेला जावयाने मोबाइलच्या एका ॲपवर 'फुकट जागा' म्हणून खूण बघितली. आम्ही क्रेग परगण्यात कच्च्या रस्त्याने अंधार पडता पडता तिथे पोचलो. सपाट जागा, जुन्या चुलीचे दगड, बाजूला नाला. मी म्हटलं, वा. तंबूच्या दोन खुंट्या ठोकून होत नाहीत तोच पिकअप गाडीचे दिवे. सत्तरीचा म्हातारा उतरला. आवाज चढवला नाही, पण काठी हातात होती आणि कुत्रा गाडीत. म्हणाला, ही जागा माझी. सरकारची हद्द पुढच्या वळणावर, पाट्या लागतील. माझं इंग्रजी आणि त्याचं इंग्रजी, दोन्ही आपल्या वऱ्हाडीसारखी, शहरातल्या माणसाला न कळणारी. आम्हा दोघांचं मात्र बरोबर जमलं. आपल्याकडे कोणाच्या धुऱ्यावर न विचारता बैल बांधले तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. खुंट्या उपटल्या, पुढच्या वळणावर गेलो, पाट्या दिसल्या आणि अंधारात चाचपडत तंबू लावला. जावई तेव्हापासून ॲपवर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. तो खूण फक्त अंदाज म्हणून बघतो.

त्यांचा सातबारा म्हणजे 'मोटर व्हेइकल यूज मॅप'. फॉरेस्ट सर्व्हिस, म्हणजे तिथलं वनखातं, तो फुकट देते. दिसायला अगदीच रुक्ष, काळा-पांढरा, शाळेत तुम्ही फळ्यावर काढायचा तसा. पण त्यावर प्रत्येक वनरस्त्याचा नंबर असतो, कोणता रस्ता कोणत्या महिन्यात गाड्यांना खुला ते असतं, आणि काही नकाशांवर रस्त्याच्या कडेला ठिपके असतात. त्या पट्ट्यात गाडी रस्त्यापासून थोडी आत नेऊन तंबू लावता येतो. मुलाला हा नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवायला सांगा. डोंगरात रेंज मिळत नाही, आपल्या मेळघाटासारखंच.

मग तलाठ्याला फोन. (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण जीभ वळत नाही.) तिथला तलाठी म्हणजे त्या त्या भागाचं रेंजर डिस्ट्रिक्ट ऑफिस. एकच प्रश्न विचारायचा : "अमुक नंबरचा रस्ता उघडा आहे का आणि त्यावर रस्त्यालगत राहता येतं का?" हे विचारणं पिसगासाठी फार गरजेचं आहे, दोन कारणांनी. एक, २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन वादळाने पश्चिम नॉर्थ कॅरोलिनाची चाळण केली; रस्ते वाहून गेले, झाडं आडवी झाली, आणि जुने सल्ले त्या वादळाबरोबर वाहून गेले असं समजा. दुसरं, प्रत्येक भागाचा नियम निराळा. पिसगा रेंजर डिस्ट्रिक्टमध्ये रस्त्यापासून हजार फुटांच्या आत, ठरवून दिलेल्या आणि खुणेचा खांब असलेल्या जागा सोडल्या, तर तंबू चालत नाही. तुमचे गुडघे आणि वहिनींची कंबर लक्षात घेता हजार फूट ओझं वाहून नेण्यापेक्षा अशी खांबाची जागाच बघा. तिथे ऑफिसातली माणसं फोनवर चिडत नाहीत, हा अनुभव मला नवाच होता.

आणि झाडांवर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला तर ती रंगपंचमी नव्हे. नॉर्थ कॅरोलिना आणि टेनेसीत त्याचा अर्थ 'खाजगी जागा, आत येऊ नका'. पाटी दिसली नाही तरी पट्टा पुरेसा समजा.

अस्वलाचं. आपलं अस्वल तुम्हाला माहीत आहे. मोहफुलाच्या दिवसांत पहाटे समोरासमोर आलं तर ते आधी चेहऱ्यावर येतं. बुलढाण्यात मी टाके पडलेली माणसं दवाखान्यात पोचवली आहेत. तिकडचं काळं अस्वल बहुधा माणूस दिसला की सटकतं. त्याला तुमच्यात रस नाही, तुमच्या शिदोरीत आहे. वहिनी शेंगदाण्याची चटणी, शंकरपाळे, तिळाचे लाडू नेणार, हे मी न विचारता सांगतो. त्यातलं काहीही तंबूत ठेवायचं नाही. टूथपेस्ट, तेलाची बाटली, पाचक गोळ्या, काहीच नाही. सगळं बंद गाडीच्या डिकीत, काचा वर. गाडीपासून लांब झोपायचं असेल तर दोरीने उंच फांदीला टांगायचं, आणि पिसगातल्या शायनिंग रॉकसारख्या काही भागांत तर अस्वलाला न उघडणारा कडक डबाच सक्तीचा आहे.

आमच्याकडून एकदा चूक झाली. खरकटं पाणी मी सवयीने तंबूमागे फेकलं. रात्री दोन वाजता फुसफुस आवाज. मुलीने भांडं वाजवलं, आवाज गेला. सकाळी बघतो तर माती उकरलेली. अस्वल होतं की रकून नावाचा तिकडचा छोटा निशाचर प्राणी, सांगता येत नाही. मी पाऊलखुणा वाचणारा माणूस, पण तिथली माती वेगळी आणि वर पानांचा थर.

थंडीला अस्वलापेक्षा जास्त घाबरा. दारव्ह्यात एप्रिलमध्ये तुम्ही कूलरपुढे बसलेले असता. शार्लटमध्ये शर्टावर फिराल. पण डोंगरावर दीड हजार मीटरला एप्रिलच्या रात्री बादलीतलं पाणी गोठू शकतं. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास. तिथला माउंट मिचेल २०३७ मीटर. अंगावरचं पांघरूण सगळेच नेतात, पण गारठा खालून येतो. अंगाखाली जाड गादी किंवा फोमची चटई हवीच. शेतात जागलीला गेलेल्या माणसाला हे कळतं. मचाणावर तुराट्यांचा थर उगीच नसतो टाकत.

जाळ करण्याबद्दल : खाली पडलेलं वाळलेलं लाकूडच घ्यायचं, उभं झाड तोडायचं नाही, आणि शार्लटहून लाकूड भरून न्यायचं नाही, कारण त्यातून झाडं मारणारे किडे पसरतात. एमराल्ड ॲश बोरर नावाच्या भुंगेऱ्याने तिकडची ॲशची झाडं साफ केली आहेत. व्हर्जिनियाकडे वळलात तर एक गंमत आहे. १५ फेब्रुवारी ते ३० एप्रिल तिथे रानाच्या ३०० फुटांच्या आत दुपारी चारच्या आधी उघडा जाळ करायला कायद्याने बंदी. आपलाही वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीलाच सुरू होतो. जाळरेषा काढण्यात माझे एकतीस फेब्रुवारी गेले, त्यामुळे तारीख वाचून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. चहाला गॅसची छोटी शेगडी न्या, हे सगळं टळतं.

एवढं करून दुपारी तीनच्या आत जागेवर पोचा.

प्रश्न : आपल्याकडे अशी फुकट जागा का नाही? आमच्या गावाला लागून झुडपी जंगल आहे. मित्रांसोबत तंबू टाकला तर चालेल का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, सडक अर्जुनी, जि. गोंदिया

उत्तर : नाही चालणार, बाप्पा. झुडपी जंगल नावाला झुडपी. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ती जमीन वनजमीनच मानायची असा निकाल दिला आहे. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं १९२७ च्या भारतीय वन कायद्यात गुन्हा आहे, अभयारण्यात तर त्याहून कडक. आणि कायदा बाजूला ठेव. नवेगाव-नागझिऱ्याच्या त्या पट्ट्यात वाघ रात्री गावाच्या कडेनं जातो. तिकडच्या डोंगरात वाघ नाही, म्हणून तिकडचा माणूस कापडाच्या भिंतीमागे घोरू शकतो. गावातल्या कोणाच्या तरी शेतात, त्याला विचारून, त्याच्यासोबत जागलीला जा. धानाचं राखण होईल आणि तुमची हौस भागेल. तो तुम्हाला भाजलेली कणसंही देईल.

प्रश्न : माझी मुलगी वेस्ट व्हर्जिनियात मॉर्गनटाउनला शिकते. मैत्रिणींसोबत डॉली सॉड्स नावाच्या जंगलात तंबूत राहायला जाणार म्हणते. तिथे बॉम्ब सापडतात असं कुठंतरी वाचलं. खरं आहे का? आणि बायकांच्या सोयीचं काय?
— एक आई, हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : खरं आहे, ताई. डॉली सॉड्स मोनोंगहेला नॅशनल फॉरेस्टमध्ये येतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४३-४४ च्या सुमारास, सैन्याने तिथे तोफांचा सराव केला आणि न फुटलेले गोळे अधूनमधून अजूनही निघतात. म्हणून नियम साधा : मळलेल्या वाटेवर चालायचं, आधी लोक राहिलेल्या जागेवरच तंबू लावायचा, आणि लोखंडाचं काही दिसलं तर हात न लावता जागा लक्षात ठेवून वनखात्याला कळवायचं. हजारो लोक तिथे जाऊन येतात. माझ्या मते तिथे बॉम्बपेक्षा धुकं जास्त फसवतं. उघडा माळ, पाच मिनिटांत दहा पावलांवरचं दिसेनासं होतं.

सोयीचं म्हणाल तर आपल्या पिढीने ते वावरात केलंय, तिला शिकवा. पाण्यापासून, वाटेपासून आणि तंबूपासून सत्तर पावलं दूर. छोट्या खुरपीने सहा ते आठ इंच खड्डा, नंतर मातीने बुजवायचा. कागद आणि पॅड मात्र पुरायचे नाहीत, बंद पिशवीत घालून परत आणायचे. गवतातून आल्यावर गोचिडी बघायच्या, गुडघ्यामागे आणि केसांत. तिकडची गोचीड लाइम नावाचा आजार देते. तीन-तीन पानांची वेल दिसली तर शिवायची नाही, अंगावर फोड येतात.

ती कोणत्या रस्त्यावर गाडी लावणार, कोणत्या वाटेने जाणार आणि कधी परतणार, हे कागदावर लिहून तिच्या घरमालकिणीजवळ आणि तुमच्याजवळ ठेवायला सांगा. उन्हाळ्यात आपलं घड्याळ तिच्या साडेनऊ तास पुढे असतं. ती रविवारी संध्याकाळी सहाला परतणार असेल, तर हिंगणघाटात सोमवारचे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतील. म्हणजे रविवारभर फोन हातात धरून बसू नका, रात्री झोपा.