कासवाच्या मागे पोहू नये

प्रश्न : येत्या सुट्टीत मी आणि माझी पत्नी उष्ण कटिबंधातील एका बेटावर सहा दिवस राहणार आहोत. आम्हा दोघांना पोहता येते, परंतु स्कूबा डायव्हिंगचे (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरण्याचे) प्रशिक्षण आम्ही घेतलेले नाही. समुद्री कासव आणि मांटा रे (मोठा, चपटा मासा) अगदी जवळून पाहावेत व त्यांच्यासोबत छायाचित्र काढावे, अशी फार इच्छा आहे. डायव्हिंग शेवटच्या दिवशी ठेवले असून दुसऱ्या दिवशी पहाटे परतीचे विमान आहे. हा बेत योग्य आहे का? आणि शार्क समोर आल्यास काय करावे?

उत्तर : आपल्या बेतातील शेवटचा दिवस आधी बदलावा. पाण्याखाली दाबाखालची हवा श्वासातून घेतल्यामुळे नायट्रोजन रक्तात व ऊतींत विरघळतो, आणि वर आल्यानंतर तो कित्येक तास हळूहळू बाहेर पडत राहतो. विमानातील हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा बराच कमी, सुमारे २४०० मीटर उंचीवरील दाबाइतका असू शकतो. त्यामुळे सोड्याची बाटली उघडावी तसे त्या वायूचे बुडबुडे शरीरात तयार होण्याचा, आणि सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होण्याचा धोका असतो. एकाच डायव्हनंतर किमान १२ तास व अनेक डायव्हनंतर किमान १८ तास विमानप्रवास करू नये, असा संकेत आहे. मी मात्र पूर्ण दिवस मोकळा ठेवण्याचाच सल्ला देईन.

डायव्हिंग सुरुवातीच्या दिवसांत घेतल्यास दुसराही लाभ आहे. प्रशिक्षकाचे बोट धरून केलेली, केवळ ओळख करून देणारी पहिली डायव्ह साधारणपणे १२ मीटरपर्यंतच नेतात, तर तीन-चार दिवसांच्या प्राथमिक अभ्यासक्रमानंतर १८ मीटरपर्यंत जाता येते. मला त्या सहा मीटरांचे फारसे अप्रूप नाही. अभ्यासक्रमात पाण्यात अधांतरी स्थिर राहायला शिकवतात, ते महत्त्वाचे आहे. श्वास घेतला की शरीर किंचित वर उचलले जाते, सोडला की खाली जाते. हे अंगवळणी पडले की हातांची धडपड थांबते, वाळू उडत नाही आणि आधारासाठी प्रवाळाला हात लागत नाही. अशा शांत माणसाजवळ प्राणी आपणहून येतात.

कासव हवेवर जगणारा प्राणी आहे. विश्रांती घेत असलेल्या कासवाचा पाठलाग केला तर त्याची विश्रांती मोडते, त्याची हवा लवकर संपते आणि त्याला वर जावे लागते. म्हणून त्याच्या वर तरंगून पृष्ठभागाकडची वाट अडवू नये. बाजूला, काही मीटर अंतरावर थांबावे. चरण्यात रमलेले कासव अनेकदा आपली दखलही घेत नाही. मांटा रे प्रवाळाच्या ठरावीक खडकांवर ‘सफाई’साठी येतात, तेथे छोटे मासे त्यांच्या अंगावरील परजीवी खातात आणि मांटा त्याच खडकाभोवती पुनःपुन्हा घिरट्या घालतो. पाणबुड्यांनी कडेला, तळाजवळ राहिले तर तो डोक्यावरून जातो. एकाने जरी खडकाकडे पोहत जाण्याची घाई केली, तरी मांटा निघून जातो व सगळ्यांचीच संधी हुकते. मालदीवमधील हनिफारू येथे प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खाण्यासाठी मांटा गोळा होतात, परंतु तेथे स्कूबाला बंदी असून केवळ स्नॉर्केलिंग, म्हणजे पृष्ठभागावर तरंगत नळीतून श्वास घेऊन खाली पाहणे, एवढेच करता येते. म्हणजे मांटा पाहण्यासाठी टाकी पाठीवर असलीच पाहिजे, असे नाही.

प्रवाळभित्तीवरील बहुतेक शार्क माणसापासून दूर राहतात. दिसल्यास शांत राहून त्याच्याकडे नजर ठेवावी, पाठलाग करू नये, आणि शार्कना खाऊ घालून जवळ बोलावणाऱ्या सहली टाळाव्यात. खरे सांगायचे तर मला शार्कपेक्षा घरटे राखणाऱ्या टायटन ट्रिगरफिश या प्रवाळभित्तीवरील माशाची अधिक धास्ती वाटते. त्याचा राखलेला प्रदेश वरच्या दिशेने शंकूसारखा रुंदावत जातो, त्यामुळे तो अंगावर धावून आला तर वर न जाता आडवे दूर जावे.

प्रशिक्षणापूर्वी भरावयाची आरोग्यविषयक प्रश्नावली खरेपणाने भरावी, आणि सर्दीने नाक चोंदले असेल तर पाण्यात उतरू नये, कारण कानातील दाब समान करता येत नाही.

छायाचित्राविषयी सांगायचे तर पहिल्या काही डायव्हना कॅमेरा नावेतच ठेवावा. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे भरलेली छाती श्वास रोखून वर आल्यास आतील हवा दुप्पट फुगू पाहते आणि फुप्फुस फाटू शकते. फोटोसाठी स्थिर राहताना नवख्या माणसाचा श्वास नकळत रोखला जातो, हीच खरी अडचण आहे. छायाचित्र हवेच असेल तर सोबतच्या एखाद्या सराईत पाणबुड्याला काढू द्यावे; प्रशिक्षकाचे लक्ष मात्र आपल्यावरच राहू द्यावे.