बर्लिंग्टनचा महापौर सिनेटमध्ये गेला, पुण्याच्या महापौरांचं काय होतं?

प्रश्न असा आहे: ‘बर्नी सँडर्स अमेरिकेतल्या एका लहानशा शहराचा महापौर होता, तिथून तो संसदेत गेला आणि देशभर गाजला. पुणे त्या शहराच्या कितीतरी पट मोठं. मग इथले महापौर मुदत संपली की विस्मरणात का जातात?’

कारण तिथे महापौराच्या हातात शहर असतं, आपल्याकडे त्याच्यापुढे मानदंड, म्हणजे पदाच्या मानाचा शोभेचा दंड, ठेवलेला असतो. सगळेच महापौर विस्मरणात जातात असं मात्र नाही. पुण्याचे सध्याचे खासदार महापौर होते, याची आठवण करून देतो. त्यांच्याकडे येतोच, पण आधी सँडर्स, कारण त्याची गोष्ट आपल्याकडे फार गोडगोड करून सांगितली जाते.

व्हर्मांट राज्यातलं बर्लिंग्टन हे गाव 1980 च्या सुमारास साधारण 38 हजार वस्तीचं होतं. 2017 च्या पुणे महापालिका निवडणुकीत 41 प्रभाग होते आणि 2011 च्या जनगणनेचे 31 लाख पुणेकर त्यात वाटले, तर सरासरी एका प्रभागात 75 हजारांहून जास्त माणसं येतात. म्हणजे सँडर्स ज्या शहराचा महापौर होता, ते आपल्या निम्म्या प्रभागाएवढं. आपला एकेक नगरसेवक त्याच्या दुप्पट लोकांसमोर मतं मागतो.

महापौर होण्याआधी हा माणूस सतत हरत होता. 1972 ते 1976 या काळात ‘लिबर्टी युनियन’ नावाच्या चिमुकल्या पक्षाकडून सिनेटला (अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाला) दोनदा आणि गव्हर्नरपदाला दोनदा उभा राहिला. मतं एक आकडी टक्क्यांत. मग 1981 च्या मार्चमध्ये अपक्ष म्हणून महापौरपदाला उभा राहिला आणि फेरमोजणीनंतर अवघ्या 10 मतांनी निवडून आला. समोर गॉर्डन पॅकेट हे पाच वेळचे डेमोक्रॅट महापौर होते. पुण्यात 10 मतांचा निकाल लागला असता तर पुढची अडीच वर्षं कोर्टातच गेली असती.

खरी मजा पुढे आहे. नगर मंडळात 13 सदस्य, त्यातले त्याच्या बाजूचे जेमतेम दोन. बाकीच्यांनी त्याने नेमलेली माणसं नामंजूर केली आणि त्याच्या सेक्रेटरीलाही कामावरून काढून टाकलं. महापौर निवडून आला, पण चिठ्ठी टाइप करायला माणूस नाही! मग त्याने मित्रमंडळींना बिनपगारी कामाला लावलं आणि पुढच्याच वर्षी मंडळाच्या निवडणुकीत आपल्या विचारांची एवढी माणसं निवडून आणली, की त्याचा नकाराधिकार मोडायला विरोधकांकडे संख्याबळच उरलं नाही. नकाराधिकार हा शब्द लक्षात ठेवा. आपल्या महापौराकडे तो नाही.

या ‘समाजवादी’ महापौराचं सुरुवातीचं गाजलेलं काम काय? शहराच्या विम्याचं कंत्राट वर्षानुवर्षं ठरावीक मंडळींना मिळत होतं, त्याची निविदा काढली आणि पैसे वाचवले. नीट कारभारी माणसाचं काम. लोकांना जिंकलं ते त्याच्या भाषणांनी कमी आणि बर्फ वेळेवर उचलला जातो, फुटपाथ दुरुस्त होतात, गरीब वस्तीकडेही पालिकेची गाडी येते, यामुळे जास्त. 1984 मध्ये शहराने दोन लाख डॉलरचं बीजभांडवल घालून एक गृहन्यास उभा केला. जमीन न्यासाची, घर राहणाऱ्याचं आणि विकताना नफ्यावर मर्यादा. त्यामुळे घरं पिढ्यान्‌पिढ्या परवडणारी राहतात. हा प्रयोग पुढे अमेरिकाभर अभ्यासला गेला. धायरी-वाघोलीत फ्लॅट शोधून दमलेल्या कुणालाही यातली गंमत कळेल.

सगळंच जमलं असंही नाही. चँप्लेन सरोवराच्या काठाचा मोठा विकास आराखडा त्याने स्वतः उचलून धरला आणि 1985 मध्ये नागरिकांनी मतदानात तो पाडला. कर्जरोख्यांना दोन तृतीयांश मतं लागत होती, तेवढी मिळाली नाहीत. आज तो काठ लोकांसाठी मोकळा आहे आणि श्रेय सँडर्सला दिलं जातं. माझ्या मते त्यातला अर्धा वाटा त्याच्या योजनेला ‘नाही’ म्हणणाऱ्या मतदारांचा.

दर दोन वर्षांनी निवडणूक, अशा चार वेळा तो निवडून आला आणि 1989 ला पायउतार झाला. वरची पायरी सहज मिळाली नाही. 1986 ला गव्हर्नरपदासाठी उभा राहून तिसरा आला. 1988 ला प्रतिनिधिगृहाची, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची, निवडणूक लढला, थोडक्यात हरला. 1990 ला ज्याच्याकडून हरला होता त्याच पीटर स्मिथला हरवून वॉशिंग्टनला पोचला. तिथे 16 वर्षं प्रतिनिधिगृहात, मग 2007 पासून सिनेटमध्ये, 2016 आणि 2020 ला राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झुंज आणि 2024 ला सिनेटवर चौथ्यांदा निवड.

यात नशिबाचा एक भाग आहे, तो कुणी सांगत नाही. व्हर्मांटला प्रतिनिधिगृहात एकच जागा आहे. अख्खं राज्य म्हणजे एक मतदारसंघ आणि 1990 मध्ये त्याची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास. बर्लिंग्टन हे त्यातलं सगळ्यात मोठं शहर. त्या शहराचा आठ वर्षांचा महापौर राज्यभर माहीत असणारच. पुणे लोकसभा मतदारसंघात नुसते मतदारच 20 लाखांवर आहेत.

संसदेत गेल्यावरही त्याची काम करण्याची रीत महापौरपदाच्या पहिल्या वर्षासारखीच राहिली: स्वतःचा गट नाही, बहुमत नाही, तेव्हा मुद्द्यापुरते सोबती शोधायचे. स्वतःची मोठी विधेयकं फारशी मंजूर झाली नाहीत, पण दुसऱ्यांच्या विधेयकांना दुरुस्त्या जोडण्यात तो पटाईत निघाला. 2014 मध्ये माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेचा कायदा त्याने जॉन मॅकेनसारख्या पक्क्या रिपब्लिकनबरोबर बसून तडीस नेला. 2010 ची साडेआठ तासांची भाषणबाजी सगळ्यांना आठवते, ही कामं आठवत नाहीत.

आता पुणे.

आपला महापौर लोक निवडत नाहीत, नगरसेवक निवडतात. मुदत अडीच वर्षं, तीही पद कुठल्या प्रवर्गासाठी राखीव, याची सोडत मुंबईत निघाल्यावर. शहर चालवतो आयुक्त, जो राज्य सरकार पाठवतं. पैशांच्या नाड्या स्थायी समितीकडे. महापौर मुख्य सभेचा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेचा, अध्यक्ष. मुख्य सभेच्या प्रेक्षक गॅलरीत एकदा बसून बघा. सभा सुरू होते, कुणीतरी दिवंगत झालेलं असतं, श्रद्धांजली वाहिली जाते, सभा तहकूब. पुढच्या तारखेला पाणीप्रश्नावर विरोधक रिकामे हंडे घेऊन आत येतात, महापौरांच्या आसनासमोर ठिय्या देतात, कुणी मानदंड उचलायला धावतं, सुरक्षारक्षक मधे पडतात, पुन्हा तहकूब. विषयपत्रिकेवरचे विषय पुढच्या महिन्यात. या सगळ्यात महापौर शांत चेहऱ्याने ‘बसून घ्या, बसून घ्या’ म्हणत राहतो.

शिवाय कामावर नाव लावायचं तर नगरसेवकपदच बरं. ‘स’ यादीतून, म्हणजे नगरसेवकाला प्रभागातल्या कामांसाठी मिळणाऱ्या निधीतून, बाक बसवा, कमान उभारा, वर ‘संकल्पना: माननीय अमुक तमुक’ अशी पाटी ठोका. महापौराला शहरभर पाट्या लावता येत नाहीत. त्याच्या वाट्याला येतो तो चेहरा. अनंत चतुर्दशीला मंडईत टिळकांच्या पुतळ्यापाशी मानाच्या पहिल्या गणपतीची पूजा करताना तो दिवसभर टीव्हीवर दिसतो. ही मिळकत कमी समजू नका, पण तो काही कारभार नव्हे.

म्हणून इथून दिल्लीला गेलेल्यांच्या वाटा वेगवेगळ्या दिसतात. नानासाहेब गोरे तर उलटे गेले: 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत काकासाहेब गाडगीळांसारख्या दिग्गजाला हरवून आधी खासदार, 1967 मध्ये पुण्याचे महापौर, मग राज्यसभा आणि जनता राजवटीत ब्रिटनमध्ये उच्चायुक्त. माजी खासदाराला महापौर होण्यात कमीपणा वाटत नव्हता, असा तो काळ. वंदना चव्हाण 1997-98 मध्ये महापौर होत्या. समाविष्ट गावांच्या टेकड्यांवर बांधकाम होऊ नये, जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टिकावं, यासाठी त्यांनी लावून धरलेला लढा पुणेकरांना ठाऊक आहे. 2012 ते 2024 त्या राज्यसभेत होत्या. पण राज्यसभेवर आमदार पाठवतात आणि नाव पक्ष ठरवतो.

थेट लोकांच्या मतांवर गेले ते मुरलीधर मोहोळ. मुळशीतल्या मुठ्याचे, तालमीत घडलेले, कोथरूडचे नगरसेवक, 2017 च्या निवडणुकीनंतर स्थायी समितीचे अध्यक्ष, नोव्हेंबर 2019 मध्ये महापौर. चार महिन्यांत, 9 मार्च 2020 ला राज्यातले पहिले करोना रुग्ण पुण्यात सापडले. ज्या पदाला एरवी कुणी विचारत नाही, ते पद अचानक रोजच्या बातमीचं झालं. संध्याकाळ झाली की महापौरांच्या समाजमाध्यमांवरच्या खात्यावर आकडे येत: आज नवे किती, बरे किती, गंभीर किती. लोक मोबाइल उघडून आधी ते बघायचे. स्वतः त्यांनाही करोना झाला. खाटा, ऑक्सिजन, जम्बो रुग्णालय यातलं किती महापौरांचं आणि किती आयुक्तांचं नि राज्य सरकारचं, यावर वाद घालता येईल. माझ्या मते निर्णय बहुतेक आयुक्तांच्या सहीने झाले, पण घराघरांत नाव गेलं महापौरांचं. नंतर मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आला, आणि काही वर्षं नवा महापौरच झाला नाही. त्यामुळे ‘माजी’ असूनही लोकांच्या डोक्यात महापौर तेच राहिले. हा योग कुणाला ठरवून जुळवता आला नसता. पुण्याचे तेव्हाचे खासदार गिरीश बापट मार्च 2023 मध्ये वारले, पोटनिवडणूक झालीच नाही, आणि 2024 ला भाजपने मोहोळांना उमेदवारी दिली. कसब्याची विधानसभा पोटनिवडणूक जिंकून चर्चेत आलेल्या काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांना त्यांनी 1,23,038 मतांनी हरवलं आणि पहिल्याच खेपेला सहकार व नागरी हवाई वाहतूक खात्यांचे राज्यमंत्री झाले. अर्थात पक्षाची यंत्रणा आणि कोथरूडचा बालेकिल्ला नसता तर एकट्या करोनाच्या आकड्यांवर हे झालं नसतं.

इथे एक भूगोल आहे, तोही बघा. महापालिकेच्या हद्दीतला हडपसर शिरूर लोकसभेत येतो आणि खडकवासला बारामतीत. उद्या हडपसरचा नगरसेवक महापौर झाला, तर अख्ख्या पुण्याचा प्रथम नागरिक असूनही पुण्याच्या लोकसभेत त्याचं स्वतःचं मतदेखील नसेल. कोथरूडच्या माणसाला ती अडचण नव्हती.

2024 लाच ठाण्याचे माजी महापौर नरेश म्हस्के लोकसभेत गेले. मनोहर जोशी मुंबईचे महापौर होते, पुढे मुख्यमंत्री आणि लोकसभेचे अध्यक्ष. देवेंद्र फडणवीस 27 व्या वर्षी नागपूरचे महापौर झाले. म्हणजे पायरी आहे. फक्त ती कारभाराची पायरी नाही, पक्षातल्या बढतीची आहे. सँडर्स मतदारांना म्हणू शकला, ‘शहर बघा आणि ठरवा.’ आपला माजी महापौर असं म्हणाला तर पुणेकर पहिला प्रश्न खड्ड्यांचा विचारतील, आणि रस्त्याचं टेंडर काही त्याने काढलेलं नसतं.

शेवटी, तुम्ही विचारलं नाहीत तरी पुढचा प्रश्न येणारच: मग महापौर थेट जनतेतून का निवडत नाहीत? 1998 मध्ये मुंबई आणि नागपुरात महापौर परिषदेचा प्रयोग झाला, महापौराला खरे अधिकार देण्याचा. तो लवकरच गुंडाळला गेला. नगरपरिषदांच्या नगराध्यक्षांची थेट निवडणूक तर सरकार बदललं की बदलते: 2016 ला आणली, 2020 ला काढली, 2022 ला परत आणली. आज बर्लिंग्टनच्या महापौराशी तुलना करायचीच तर पुण्याच्या महापौराशी नको, सासवडच्या किंवा जुन्नरच्या नगराध्यक्षाशी करा. गाव लहान, निवड थेट, फक्त डोक्यावर मुख्याधिकारी आणि जिल्हाधिकारी.

महानगरांत हे का होत नाही, याचं कारण मला साधं दिसतं. पुणे महापालिकेच्या हद्दीत विधानसभेचे आठ मतदारसंघ येतात. अख्ख्या शहराने थेट निवडून दिलेला महापौर म्हणजे त्या आठही आमदारांपेक्षा जास्त मतं मिळवलेला माणूस, पुढच्या लोकसभेचा तयार उमेदवार आणि मुख्यमंत्र्याशी बरोबरीने बोलू शकणारा. असा कायदा मंजूर करायचा तर विधानसभेत हात वर करायचे आहेत ते या आमदारांनीच.