पीआरएनचा शेवटचा आकडा शून्य का होतो?

या खेपेचे बहुतेक प्रश्न सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या किंवा कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये यादी चढवताना अडलेल्यांचे आहेत. नाव, आडनाव, ईमेल बिनबोभाट जातात. अडतं ते आपण स्वतः जोडलेल्या रकान्यांवर.

प्रश्न : परळच्या महाविद्यालयात मूडलचं काम बघतो. विद्यार्थ्यांच्या पीआरएनसाठी, म्हणजे कायम नोंदणी क्रमांकासाठी, वेगळा रकाना केला. यादी चढली, पण प्रत्येकाचा शेवटचा आकडा शून्य झाला आहे. मूडलमध्ये काही बिघाड आहे का?

मूडल निर्दोष आहे, हे काम एक्सेलचं. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच सांभाळतं आणि मुंबई विद्यापीठाचा पीआरएन १६ अंकी. सोळाव्या जागी शून्य बसलं की नंतर सेलचा फॉरमॅट कितीही बदला, मूळ अंक परत येत नाही. म्हणजे पुन्हा मूळ यादीकडे जाणं आलं.

कोरी शीट घ्या. रकाना निवडून कंट्रोल आणि १ दाबा, ‘टेक्स्ट’ निवडा, मगच आकडे पेस्ट करा आणि पेस्ट करताना जुना फॉरमॅट सोबत येऊ देऊ नका. मूळ यादीच सीएसव्ही असेल तर ती डबल-क्लिकने उघडू नका. ‘डेटा’ टॅबमधल्या ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने आत घ्या आणि ‘ट्रान्सफॉर्म डेटा’मध्ये त्या रकान्याचा प्रकार टेक्स्ट करा. तयार फाइल तपासायची ती नोटपॅडमध्ये. एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलीत की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सुरुवातीला ९१ लावलेल्या मोबाइल नंबरांचंही तेच. ते १२ अंकी होतात, एक्सेल त्यांना ९.१९ई+११ असं आखडून दाखवतं आणि सीएसव्हीत तसंच उतरवतं.

मूडलमध्येही पीआरएनचा रकाना ‘टेक्स्ट इनपुट’च ठेवा. या आकड्यांची बेरीज कोणी करणार नाही. ‘युनिक’ (दोघांचा आकडा एकच नको) आणि ‘लॉक्ड’ (विद्यार्थ्याला बदलता येऊ नये) या दोन्हींना ‘येस’ द्या.

प्रश्न : दादरला आमचा क्लास आहे. मूडलमध्ये ‘बॅच’ नावाचा रकाना केला, फाइलच्या मथळ्यातही ‘बॅच’ लिहिलं, तरी ‘हे फील्ड वैध नाही’ असा संदेश येतो.

रकाना करताना मूडल दोन नावं विचारतं. ‘नेम’ माणसांसाठी, तिथे मराठी चालेल. ‘शॉर्ट नेम’ यंत्रासाठी, त्यात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर. फाइलच्या मथळ्यात शॉर्ट नेम जातं आणि त्याच्या आधी ‘प्रोफाइल_फील्ड_’ हा उपसर्ग इंग्रजीत लागतो. सगळं छोट्या लिपीत, मध्ये जागा नको.

प्रश्न : बॅचची वेळ ठरवायला विद्यार्थी कुठल्या स्टेशनवरून येतात ते हवं होतं. टेक्स्ट रकाना केला, तर अहवालात एकाच स्टेशनची तीन-तीन नावं! त्याचा ड्रॉपडाउन (ठरलेल्या पर्यायांतून निवडायचा रकाना) करता येईल का? पाळीसाठी ड्रॉपडाउन आहे, पण ‘दुसऱ्या पाळीत’च्या निम्म्या ओळी तो नाकारतो.

व्हीटी, सीएसटी, सीएसएमटी हे तुम्हाला-आम्हाला एकच, सॉफ्टवेअरला तीन. आणि बोरिवली-बोरीवली आहेतच.

एकदा केलेल्या रकान्याचा प्रकार मूडलमध्ये बदलता येत नाही आणि रकाना काढून टाकला तर त्यातली माहितीही जाते. म्हणून नव्या शॉर्ट नेमने दुसरा रकाना करा, ‘ड्रॉपडाउन मेनू’ प्रकारचा, एका ओळीत एक पर्याय. माझं ऐकाल तर स्टेशनांची लांबलचक यादी घालूच नका. बॅचच्या वेळेसाठी पश्चिम, मध्य, हार्बर, ट्रान्स-हार्बर आणि ‘लोकलने नाही’ एवढं पुरतं.

जुनी माहिती एक्सेलमध्ये उतरवा. दुसऱ्या शीटवर दोन रकान्यांचं कोष्टक करा : मुलांनी काय लिहिलं आणि त्याची लाइन कोणती. ‘व्हीलुकअप’ सूत्राने जुळवा. चढवायच्या फाइलमध्ये यूजरनेम आणि नवा रकाना, एवढे दोनच पुरे. ‘अपलोड टाइप’मध्ये ‘अपडेट एक्झिस्टिंग यूजर्स ओन्ली’ निवडा. त्याखालची ‘एक्झिस्टिंग यूजर डिटेल्स’ ही निवड मुळात ‘नो चेंजेस’वर असते. ती ‘ओव्हरराइड विथ फाइल’ केली नाहीत तर फाइल सुरळीत गेल्यासारखी दिसते आणि आत काहीच बदलत नाही. आधी तीन-चार ओळींची फाइल चढवून बघा. नव्या रकान्यात सगळं नीट दिसलं की मगच जुना काढा.

आता ‘दुसऱ्या’. ड्रॉपडाउनमध्ये मजकूर अक्षरन् अक्षर जुळावा लागतो. हा शब्द युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांसाठीच्या समान संकेतपद्धतीत) दोन प्रकारे टाइप होतो : कोणी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतं, कोणी साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडक घालतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच. एक्सेलच्या ‘लेन’ सूत्राला विचारा, एकाची लांबी ७ येईल, दुसऱ्याची ८. शेवटी राहिलेली मोकळी जागाही अशीच छळते, तिला ‘ट्रिम’ सूत्र आहे. सरळ उपाय म्हणजे पर्याय ‘सकाळ’ आणि ‘संध्याकाळ’ ठेवणं.

प्रश्न : ५ जूनला जन्मलेली मुलं ६ मेची झाली आणि २५ जूनवाली चढलीच नाहीत. हे कसं?

त्या संगणकावर तारखेची अमेरिकी पद्धत आहे, आधी महिना मग दिवस. पंचविसावा महिना नसल्यामुळे ती ओळ निदान अडते. १२ तारखेपर्यंतच्या जन्मतारखा मात्र गुपचूप उलटतात, म्हणून त्या सगळ्या मूळ अर्जावरून तपासा. मूडलला तारीख वर्ष-महिना-दिवस अशी द्या : २००६-०६-०५, आकडे इंग्रजी.

प्रश्न : गिरगावातल्या ग्रंथालयाची सभासद-यादी कोहामध्ये घ्यायची आहे. मराठी नावांऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. शिवाय सभासदाचा व्यवसाय आणि वर्गणीचा प्रकार कुठे भरायचा?

यादी बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. तिथे मराठी फक्त दिसण्यापुरतं असतं, आत इंग्रजी अक्षरांचे संकेत. आधी ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या. जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला, घोटाळे तिथेच होतात. मग ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह करा. साध्या सीएसव्हीत मराठीची प्रश्नचिन्हं होतात.

वर्गणीचा प्रकार हा सभासदाचा वर्ग, त्याला कोहात आधीच जागा आहे. व्यवसायासाठी ‘पेट्रन ॲट्रिब्यूट टाइप’ (सभासदाच्या जादा माहितीचा प्रकार) तयार करून त्याला छोटा कोड द्या. आयातीत अशा सगळ्या गोष्टी ‘पेट्रन_ॲट्रिब्यूट्स’ या एकाच रकान्यात ‘कोड:माहिती’ अशा जातात, दोन असतील तर मध्ये स्वल्पविराम. तो सेल दुहेरी अवतरणचिन्हांत नसेल तर पुढचे सगळे रकाने एक घर सरकतात. नोटपॅडमध्ये हाताने केलेल्या फाइलींत हे हमखास होतं, विशेषतः पत्त्यात ‘खोली १२, दुसरा मजला’ असं असलं की.