रिचार्ज परवडेना, पोर्ट करू का?

या खेपेला बहुतेक पत्रं मोबाईलच्या रिचार्जचीच आलीत. जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हापासून हा विषय थांबायचं नाव घेत नाही, त्यामुळे वीजबिल आणि गॅसची पत्रं पुढच्या अंकात घेऊ, आज फक्त मोबाईल.

प्रश्न : आमच्या घरात चार फोन आहेत. माझा, मिस्टरांचा, सासूबाईंचा बटणांचा आणि पुण्याला कॉलेजात असलेल्या मुलाचा. चौघांचं एकाच कंपनीचं सिम आहे आणि दर महिन्याला रिचार्जवर हजाराच्या वर जातात. जाऊबाई म्हणतात सगळे बीएसएनएलला टाका, निम्म्यात भागेल. टाकू का? (एक वाचक भगिनी, कोरेगाव तालुका, जि. सातारा)

उत्तर : ताई, जाऊबाईंचं चुकत नाहीये पण चौघांना एकदम उचलून टाकू नका. आधी हिशोब करू. तुम्ही "दर महिन्याला" म्हणताय खरं, पण रिचार्ज बहुतेक वेळा महिन्याचा नसतो, २८ दिवसांचा असतो, म्हणजे वर्षाला बारा नाही तर तेरा रिचार्ज होतात, आणि तो तेरावा रिचार्ज कुणाच्या लक्षात येत नाही कारण तो दर महिन्याला दोन-तीन दिवस अलीकडे सरकत सरकत येतो. ३ आणि ४ जुलै २०२४ ला तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा जिओचा रोज दीड जीबीवाला २३९ चा प्लॅन २९९ झाला. तेरा वेळा २९९ म्हणजे ३,८८७ रुपये, एका फोनचे. त्यामुळे कुठल्याही प्लॅनची किंमत बघू नका, किंमत भागिले दिवस करा. २९९ भागिले २८ म्हणजे दिवसाला साधारण पावणेअकरा रुपये.

आता मुख्य मुद्दा, जो दुकानदार सांगत नाही. बऱ्याच घरांना कंपनी बदलायची गरजच नसते, प्लॅन बदलायची असते. सासूबाईंच्या बटणाच्या फोनवर रोजचा दीड जीबी डेटा कोण वापरतंय? ट्राय या दूरसंचार नियामकाने २३ डिसेंबर २०२४ ला नियम काढला की ज्यांना नेट नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन कंपन्यांनी ठेवलेच पाहिजेत. त्यानंतर २०२५ च्या सुरुवातीला एअरटेलचा ४६९ चा ८४ दिवसांचा आणि १,८४९ चा वर्षाचा प्लॅन आला, जिओचा ४४८ चा ८४ दिवसांचा आला. ४६९ वाला दिवसाला साडेपाच रुपयांच्या आसपास पडतो, म्हणजे जवळपास निम्मा, आणि पोर्ट न करता, म्हणजे कंपनी न बदलता! हे प्लॅन ॲप उघडल्यावर वरती झळकत नाहीत, खाली खाली सरकवत जावं लागतं, तुम्ही दुकानात "फक्त बोलायचा, नेट नको" असं स्पष्ट म्हणा. आकडे बदलत राहतात, त्यामुळे त्या दिवशीचा दर विचारूनच पैसे द्या.

सासूबाईंचं अजून एक. त्यांचा फोन बटणांचा म्हणजे बहुतेक २जी असणार. उद्या कुणी म्हणालं जिओला टाका तर लक्षात ठेवा, जिओकडे २जी नाहीच, तिथे ४जी फोन लागतो, सासूबाईंच्या फोनमध्ये ते सिम घातलं तर नुसती बॅटरी दिसेल, रेंज नाही. एअरटेल, व्हीआय (व्होडाफोन-आयडिया) आणि बीएसएनएलचं २जी चालतं. म्हणून म्हातारं माणूस सगळ्यात शेवटी हलवायचं.

मिस्टरांचं आणि तुमचं म्हणाल तर बीएसएनएल बघायला हरकत नाही. २०२४ ला बाकीच्यांनी दर वाढवले तेव्हा त्यांनी वाढवले नाहीत, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचं देशी बनावटीचं ४जी रीतसर सुरू झालं. पण किंमत तीच ठेवून दिवस कमी करायची युक्ती तेही शिकलेत, त्यांचा १०७ रुपयांचा प्लॅन आधी ३५ दिवसांचा होता, तो घटवला. आणि खरा प्रश्न किमतीचा नाहीच, तुमच्या घरात रेंज येते का हा आहे. कंपन्यांच्या वेबसाइटवर कव्हरेजचे नकाशे असतात पण नकाशाला तुमच्या घराची भिंत दिसत नाही. शेजारी कुणाकडे ते सिम असेल तर दोन दिवस मागून घ्या, नाहीतर एक नवीन सिम घेऊन मिस्टरांच्या फोनच्या दुसऱ्या खाचेत टाका. मग स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहून फोन लावा, गोठ्यात पत्र्याखाली लावा, मळ्यात विहिरीपाशी लावा. संध्याकाळी सात ते नऊ नेट चालवून बघा कारण दुपारी सगळ्यांचंच पळतं. आणि लाइट गेल्यावर बघायला विसरू नका! काही टॉवर लाइट गेल्यावर तासाभरात मान टाकतात, आपल्याकडे भारनियमनाच्या दिवसांत हे फार महत्त्वाचं आहे. एवढं जमलं तर आधी मिस्टरांचा नंबर पोर्ट करा, महिनाभर जाऊ द्या, मग तुमचा. मुलाचं मात्र त्याला ठरवू दे, हॉस्टेलला वायफाय असेल तर त्यालाही रोजचा दीड-दोन जीबी लागत नसेल, पण हे त्याच्यासमोर म्हणू नका.

प्रश्न : फोन चोरीला गेला म्हणून त्याच नंबरचं नवीन सिम काढलं, कंपनीच्या माणसाने इतकं फिरवलं की वैतागून तिसऱ्या दिवशी पोर्टचा मेसेज टाकला तर नकार आला. मुद्दाम अडवतायत का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : यावेळी कंपनीने अडवलेलं नाही, नियमाने अडवलंय. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टिंगचा कोड (जो नव्या कंपनीच्या दुकानात द्यावा लागतो) मिळत नाही. तुमच्या नावाने कुणी भलत्यानेच डुप्लिकेट सिम काढायचं, लगेच दुसऱ्या कंपनीत पळवायचं आणि बँकेचे ओटीपी घ्यायचे, असले प्रकार होत होते म्हणून हे कुलूप लावलंय. आठवडा होऊन गेला की परत टाका, मिळेल.

बाकीच्यांसाठी सांगतो, कारण "नकार आला" अशी बरीच पत्रं आहेत आणि कारण कुणीच लिहिलेलं नाही. मेसेजच्या जागी इंग्रजीत पोर्ट लिहायचं, एक जागा सोडायची, आपला दहा आकडी नंबर लिहायचा आणि १९०० वर पाठवायचं, आणि हा मेसेज त्याच सिमवरून गेला पाहिजे. डिसेंबर २०१९ पासून कोड द्यायच्या आधीच तपासणी होते, म्हणून कोड आला म्हणजे बहुतेक काम झालं. नाही आला तर उत्तराच्या मेसेजमध्ये कारण असतं, ते नीट वाचा. नंबर घेऊन किंवा मागच्या वेळी पोर्ट करून ९० दिवस झाले नसतील तर मिळत नाही, पोस्टपेडचं निघालेलं बिल थकलेलं असेल तर नाही, सिम एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करायचं काम अर्धवट असेल तर नाही. ऑफिसने दिलेला नंबर असेल तर ऑफिसचं पत्र लागतं.

कोड आठ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रात चार दिवस चालतो, त्यामुळे रविवारी कोड काढून पुढच्या रविवारी दुकानात जाऊ असं करू नका. दुकानात ओळखपत्र, फोटो, नवीन सिम, आणि मग त्याच सर्कलमध्ये (म्हणजे कंपन्यांच्या परवान्याच्या विभागात) असाल तर तीन कामाचे दिवस. मुंबई हे वेगळं सर्कल आहे आणि उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक, म्हणजे मुंबईचा नंबर नाशिकला पोर्ट करायचा असेल तर पाच कामाचे दिवस धरा.

प्रश्न : माझं पोस्टपेड आहे, पेन्शनचं खातं, आधार, गॅस सगळं याच नंबरला जोडलेलं. कंपनी बदलली तर हे सगळं परत जोडत बसावं लागेल का? त्या भीतीने मी दुप्पट बिल भरतोय. (एक ज्येष्ठ वाचक, पुणे)

उत्तर : काका, काहीही परत जोडावं लागत नाही. बँकेला, आधारला, गॅसवाल्याला तुमचा नंबर माहीत आहे, कंपनी नाही. नंबर तोच राहतो, यासाठीच तर ही सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर सुरू झाली. नुसत्या भीतीपोटी दुप्पट भरत असाल तर उद्याच हलवा.

फक्त दोन गोष्टी बघा. सिम बदललं की यूपीआयचं ॲप तुम्हाला ओळखत नाही, ते परत नोंदणी करायला लावतं आणि त्यासाठी तुमच्या फोनवरून गुपचूप एक एसएमएस पाठवतं. नवीन सिममध्ये एसएमएस नसलेला छोटा रिचार्ज मारलेला असेल तर तो मेसेज जातच नाही आणि माणूस तासभर "व्हेरिफिकेशन फेल्ड" बघत बसतो, मग बँकेला शिव्या. त्यामुळे पहिला रिचार्ज एसएमएसवाला मारा. जुनं सिम बंद होऊन नवीन चालू व्हायला काही तास जाऊ शकतात, बहुधा रात्री, तर त्याच दिवशी हयातीच्या दाखल्याचा ओटीपी वगैरे ठेवू नका, खिशात थोडी रोकडही असू द्या.

दुसरं, पोर्ट झाल्यावरही जुन्या कंपनीचं शेवटचं बिल येतं, राहिलेल्या दिवसांचं. लोक म्हणतात आता काय करणार आहेत ते आपलं, आणि फाडून टाकतात. ते न भरल्यास जुनी कंपनी नव्या कंपनीला कळवून तुमचा नंबर बंद करायला लावू शकते. भरा आणि पावती ठेवा. प्रीपेडवाल्यांचं उलट असतं, त्यांचा उरलेला बॅलन्स आणि उरलेले दिवस बुडतात, परत मिळत नाहीत, म्हणून रिचार्ज संपायच्या चार-पाच दिवस आधी कोड काढावा, काल वर्षाचा रिचार्ज मारून आज पोर्ट करू नये.

प्रश्न : मी मस्कतला नोकरीला आहे. गावाकडचा नंबर फक्त बँकेच्या ओटीपीसाठी ठेवलाय. व्हॉट्सअपवर मेसेज फिरतोय की वीस रुपयांत सिम चालू राहतं. खरं का? (एक वाचक, मूळचे चिपळूण)

उत्तर : अर्धं खरं, आणि अर्ध्या खऱ्यानेच घात होतो. नियम जुना आहे, सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही तरी खात्यात निदान वीस रुपये असतील तर कंपनी ते बंद करू शकत नाही, वीस रुपये कापून तीस दिवस वाढवते. पण हा नियम न वापरलेल्या सिमचा आहे. तुमच्या प्लॅनची मुदत संपली तर ओटीपी येत राहील अशी हमी त्यात कुठेच नाही. ओटीपीच हवे असतील तर वर सांगितलेला वर्षाचा बिननेटचा प्लॅन घ्या आणि इंटरनॅशनल रोमिंग इथे असतानाच चालू करून जा, येणाऱ्या एसएमएसला साधारण पैसे पडत नाहीत. पोर्ट करायचंच असेल तर सुट्टीला आल्यावर पहिल्या आठवड्यात उरका, कारण नवीन सिम आणि ओळखपत्राची पडताळणी इथेच होते, आणि जायच्या आदल्या दिवशी सुरू केलंत तर सिम चिपळूणला आणि तुम्ही विमानात. तुमचं खातं एनआरई किंवा एनआरओ (परदेशस्थ भारतीयांचं) असेल तर बँकेला ओमानचा नंबर लावता येतो का तेही विचारा, यूपीआयसाठी ओमानच्या नंबरला परवानगी आहे.

प्रश्न : चौकात छत्री लावून बसलेल्या पोराकडे पोर्ट केलं, फुकट सिम म्हणून. आता विचार बदललाय. आणि त्याने माझा अंगठा दोनदा घेतला, चालतं का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : अर्ज केल्यापासून २४ तासांच्या आत असाल तर इंग्रजीत कॅन्सल लिहून, जागा सोडून नंबर टाकून १९०० वर पाठवा, पोर्ट थांबेल. त्यापेक्षा जास्त वेळ गेला असेल तर आता ९० दिवस तिथेच.

दोनदा अंगठ्याचं मात्र मला खटकलं. कधी खरंच मशीन घेत नाही, पण "पहिला नीट आला नाही" म्हणून दुसऱ्यांदा घेतलेल्या अंगठ्यावर दुसरंच सिम काढून विकल्याचे प्रकार झालेत. आजच सरकारच्या संचार साथी पोर्टलवर जा, स्वतःचा नंबर टाका, तुमच्या नावावर किती सिम आहेत ती यादी दिसेल. ओळखीचा नसलेला नंबर दिसला की त्यापुढे "माझा नंबर नाही" असा पर्याय असतो, तो दाबा आणि तक्रारीचा आलेला क्रमांक लिहून ठेवा.