‘हवामानबदलामुळे लाट आली’: या ‘मुळे’चं काय करायचं?

प्रश्न असा आहे: ‘मानवनिर्मित हवामानबदलामुळे उष्णतेची लाट आली’ हे वाक्य बरोबर आहे का? की ‘बदलामुळे’ऐवजी ‘बदलाशी संबंधित’ लिहिणं सुरक्षित?

व्याकरणात खोट नाही. अर्थ बघितला तर मात्र ‘मुळे’ इथे जरा जास्त बोलतं, आणि ‘शी संबंधित’ फारच कमी. दोन्हींपेक्षा नेमकं लिहिता येतं.

‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय ‘मूळ’ या नामातून आलं. ‘तुझ्यामुळे गाडी चुकली’ म्हणजे तू नसतास तर गाडी मिळाली असती. हीच कसोटी लाटेला लावू. उच्च दाबाचं क्षेत्र एकाच जागी ठाण मांडून बसतं. हवा खाली उतरताना दाबली जाते आणि तापते, ढग धरत नाहीत, ऊन थेट जमिनीवर येतं. जमिनीतली ओल संपली की बाष्पीभवनात जाणारी उष्णताही हवाच तापवू लागते. हे सगळं कारखाने येण्याआधीही होत होतं. दाबाच्या या क्षेत्राला आपल्याकडे चांगला शब्द आहे: निमित्त. लाटेला ते निमित्त होतं.

मग हवामानबदल काय करतो? उत्तर ‘लाट’ या शब्दातच आहे. भरतीच्या वेळी लाटा वाऱ्यानेच उठतात, पण पाणीच वर चढलेलं असल्याने त्या किनाऱ्यावर लांबपर्यंत येतात. कार्बन डायऑक्साइडसारख्या, उष्णता धरून ठेवणाऱ्या हरितगृह वायूंनी तापमानाचं पाणी असंच चढवलं आहे. तेव्हा विचारायचं ते ‘लाट कुणी उठवली’ एवढंच नाही. ‘ती किती वर पोचली’ आणि ‘इतक्या वर किती वेळा पोचते’ हेही.

‘किती’ आणि ‘कितीदा’ यांची गल्लत शास्त्रज्ञांच्या चर्चेतही झालेली दिसते. 2010 साली रशियात भीषण उष्णतेची लाट आली. 2011 मध्ये एका अभ्यासाने ती मुख्यतः नैसर्गिक चढउतारांतून आल्याचं सांगितलं, तर दुसऱ्याने तापमानवाढ नसती तर मॉस्कोचा जुलैतला उच्चांक मोडला नसता याची शक्यता सुमारे 80 टक्के ठरवली. वाचणाऱ्याला वाटावं, यातलं एक चूक. 2012 मध्ये तिसऱ्या अभ्यासाने दाखवलं की दोन्ही बरोबर असू शकतात: पहिला लाटेची तीव्रता मोजत होता, दुसरा तिची शक्यता. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण एका ‘मुळे’त हे दोन्ही अर्थ कोंबले जातात.

जून 2021 मध्ये कॅनडातल्या लिटन गावात पारा 49.6 अंशांवर गेला. वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन या शास्त्रज्ञांच्या गटाने हवामानबदलाच्या वाट्याचा हिशेब केला, तो असा होतो: आजच्या हवामानात अशी लाट किती वर्षांतून एकदा येईल आणि माणसाने वायू सोडलेच नसते तर किती वर्षांतून, हे नोंदी आणि संगणकावरची प्रारूपं वापरून ताडायचं. निष्कर्ष असा निघाला की तापमानवाढ नसती तर ही लाट किमान 150 पट दुर्मिळ, म्हणजे जवळजवळ अशक्य ठरली असती. आणि तापमानवाढीने तिच्यात सुमारे 2 अंशांची भर घातली. बघा, 49.6 पैकी भर फक्त 2 अंशांची, तरी तेवढ्यानेच अशक्यप्राय गोष्ट घडली. इथे मी लिहीन: ‘हवामानबदल नसता तर लाट इतकी तापणं जवळजवळ अशक्य होतं.’ शब्द चार जास्त लागले तरी लागोत.

याच बातम्यांतला ‘पट’ही जपून वापरावा. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या 2021च्या अहवालानुसार पूर्वी 10 वर्षांतून एकदा येणारी टोकाची उष्णता 1 अंश तापमानवाढीला 2.8 पट वेळा येते, 1.5 अंशाला 4.1 पट, 2 अंशांना 5.6 पट. हे ‘2.8 पटींनी वाढली’ असं लिहिलं तर काटेकोर वाचक मूळ एक अधिक 2.8 असं धरेल. ‘2.8 पट झाली’ लिहा, प्रश्नच मिटतो.

‘शी संबंधित’ मला नको वाटतं, ते मात्र मनापासून. संबंध कशाचाही कशाशी असतो. आकडे हाताशी असताना असं लिहिणं म्हणजे वाचकापासून माहिती लपवणं. एखाद्या विशिष्ट लाटेचा अभ्यास झालेला नसेल, तर ‘हवामानबदलाने अशा लाटा अधिक तीव्र आणि वारंवार होत आहेत’ असं सरळ लिहावं.

राहिलं ‘मानवनिर्मित’. शब्द रुळला आहे, वापरायला हरकत नाही. पण कालवा मानवनिर्मित असतो, कुणीतरी ठरवून खोदलेला; हा बदल कुणी ठरवून घडवला नाही. म्हणून मला ‘माणसामुळे झालेला हवामानबदल’ अधिक पटतं. हवा, समुद्र आणि जमीन माणसाच्या प्रभावाने तापली हे निःसंशय आहे, असं आयपीसीसीचाच अहवाल म्हणतो. तिथे ‘मुळे’ बिनदिक्कत लावा, ते त्याच जागेचं आहे.