चौघांचा प्रोजेक्ट, गुण कुणाचे?

प्रिय,

गणिती मॉडेल संगणकावर सोडवायच्या गट-प्रोजेक्टला गुण कसे द्यायचे, असं तू विचारलंस. आधी गटांचं. मुलं म्हणणारच, "मॅडम, गट आम्हीच पाडतो." पाडू देऊ नकोस. कोड लिहिता येणारे सगळे एका गटात जमतात आणि उरलेल्यांचं ओझं तुझ्या गळ्यात पडतं. चौघांचा गट तूच पाड. पाचवा आला की तो हमखास "मी पीपीटी करतो" म्हणतो.

विषय भव्य नको. मान्सूनचं मॉडेल ऐकायला झकास वाटतं, पण उत्तर चुकलं तरी कुणाला पत्ता लागत नाही. त्यापेक्षा चौरस पत्र्यातून पसरणारी उष्णता दे. चारही कडा शून्य तापमानाला, सुरुवातीचं तापमान दोन साइनच्या गुणाकाराचं; म्हणजे अचूक उत्तर कागदावरच काढता येतं. मग विचार: पत्र्यावर हिशेबासाठी आखलेल्या बिंदूंच्या जाळीतलं अंतर निम्मं केल्यावर कोडच्या उत्तरातली चूक साधारण चौपट कमी झाली का? अंतर आणि चूक यांचा तक्ता नसेल तर रंगीत आलेख कितीही देखणे असोत, गुण सढळ हाताने देऊ नकोस.

एखादा गट अंतर निम्मं करेल आणि कालटप्पा (हिशेब एका वेळी जेवढा वेळ पुढे सरकतो तो) तसाच ठेवेल. आकडे भराभर फुगतील, पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी उमटेल, आणि ते कोडमधली चूक शोधत बसतील. कोडमध्ये चूक नसतेच. सोप्या एक्स्प्लिसिट पद्धतीत (पुढचं तापमान थेट आधीच्या तापमानांवरून काढायचं) उष्णता-गुणांक (पत्र्यात उष्णता किती वेगाने पसरते तो आकडा) गुणिले कालटप्पा, भागिले अंतराचा वर्ग, ही किंमत ¼ च्या वर गेली की असंच होतं. लगेच सांगू नकोस, आठवडाभर झगडू दे. अंतर निम्मं केलं की कालटप्पा चौथा हिस्सा करावा लागतो, शिवाय जाळीचे बिंदू चौपट, म्हणजे काम 16 पट, हा हिशेब त्यांनी स्वतः मांडला की इम्प्लिसिट पद्धत (पुढची सगळी तापमानं एकत्र समीकरणं सोडवून काढायची, म्हणजे कालटप्प्यावर ही मर्यादा राहत नाही) का शिकायची हे वेगळं पटवावं लागत नाही.

गिटचा (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा) इतिहास जरूर बघ, पण कमिट (नोंदवलेले बदल) मोजू नकोस. मुलं तयारीची असतात. एक स्वल्पविराम हलवून पाच कमिट करतात. उलट दोघं एका लॅपटॉपवर बसले की नाव एकाचंच दिसतं. इतिहासातून एवढंच बघायचं, की काम महिनाभर चाललं होतं की सबमिशनच्या आदल्या रात्री उरकलं.

खरा निकाल व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, लागतो. प्रत्येकाला दुसऱ्याने लिहिलेलं फंक्शन उघडून दे आणि म्हण, "ही एक कड उष्णतारोधक कर, इथेच." स्वतःच्या भागाचं पाठांतर करून येता येतं, याचं येत नाही. निम्मे गुण गटाला, निम्मे या बैठकीला. एकमेकांना गुण द्यायच्या चिठ्ठ्या घे, पण बेरजेत धरू नकोस. दोस्त दोस्ताला दहापैकी दहाच देतो. चौघांपैकी तिघांनी एकाबद्दल कुरकुर केली असेल, तर त्याला व्हायवात जरा जास्त वेळ दे, इतकाच चिठ्ठ्यांचा उपयोग.

हे सगळं पहिल्याच तासाला फळ्यावर लिही, आणि एक्स्टर्नललाही (बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनाही) आधी कळव. नाहीतर ते बाइंडिंग आणि पानं बघून गुण देऊन मोकळे होतील.

गुणांचा तक्ता पाठव, नजर टाकतो.

तुझा,
सर