लिनक्सवर ऑडिओ प्लगइन कुठून घ्यावेत आणि टाकल्यावर ते आर्डरमध्ये दिसत का नाहीत?

तुम्ही कोथरूडच्या घरी गाणं-तबला रेकॉर्ड करता, उबुंटूवर आर्डर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) आहे आणि उतरवलेले प्लगइन (त्याला जोडायचे, आवाजावर काम करणारे छोटे प्रोग्राम) यादीत येत नाहीत. यात प्लगइनचा दोष क्वचितच असतो. आधी पाहा, आर्डर कुठून टाकलंय. फ्लॅटपॅक या पॅकेज पद्धतीने टाकलेलं आर्डर आपल्याच बंदिस्त जागेत चालतं, सिस्टीमवरचे प्लगइन त्याला दिसतच नाहीत. त्यासाठी प्लगइनही फ्लॅटहबवरूनच (फ्लॅटपॅकच्या भांडारातूनच) घ्यावे लागतात. माझं ऐकाल तर आर्डर सरळ एप्टने (उबुंटूच्या स्वतःच्या पॅकेज व्यवस्थेतून) टाका.

प्लगइनही आधी एप्टमध्येच शोधा: एलएसपी, काफ, एक्स४२, झॅम, ड्रॅगनफ्लाय रिव्हर्ब. ईक्यू, कॉम्प्रेसर, लिमिटर, रिव्हर्ब एवढं सगळं यात आलं आणि दर्जाही पक्का आहे. तबल्याला एलएसपीचा कॉम्प्रेसर लावाल तेव्हा अटॅक (आवाज वाढल्यावर कॉम्प्रेसर किती वेळात दाबतो तो वेळ) २० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवून ऐका. त्याहून फार कमी केलात की चाटीवरचा 'ना' दबतो. मागे पंख्याची घरघर असेल तर नॉइज रिपेलंट हा प्लगइन उपयोगी पडतो. गाणं सुरू होण्याआधीचा फक्त घरघरीचा तुकडा त्याला 'शिकवायचा'. रस्त्यावरचे हॉर्न मात्र त्याने जाणार नाहीत, कारण तो सतत एकसारख्या चालणाऱ्या आवाजावरच काम करतो. खिडक्या लावून रात्री उशिरा रेकॉर्ड करा.

सर्ज एक्सटी या सिंथेसायझरसारखा एखादा प्लगइन थेट संकेतस्थळावरून उतरवून घेतलात, तर बहुतेक घोटाळा इथे होतो: एलव्हीटू आणि व्हीएसटी३ या प्रकारांतला प्लगइन म्हणजे एक फाइल नसून अख्खा फोल्डर असतो. आतली एकटी 'एसओ' फाइल (प्लगइनचा मूळ प्रोग्राम) उचलून ठेवली तर होस्टला, म्हणजे आर्डरला, काहीच कळत नाही. पूर्ण फोल्डर होममधल्या 'डॉट एलव्हीटू' किंवा 'डॉट व्हीएसटी३' फोल्डरमध्ये ठेवा. टिंबाने सुरू होणारे फोल्डर लपलेले असतात, कंट्रोल-एच दाबलं की दिसतात; नसतील तर तयार करा. नंतर आर्डरच्या प्लगइन मॅनेजरमधून व्हीएसटी३ पुन्हा स्कॅन करा. तरीही आला नाही, तर टर्मिनलमध्ये त्या एसओ फाइलवर एलडीडी कमांड चालवा; फाइलला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी ती दाखवते. 'नॉट फाउंड' लिहिलेली ओळ दिसली, तर ती लायब्ररी टाकायची राहिली आहे.

विंडोजचा प्लगइन हवाच असेल तर वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं) आणि याब्रिज (ते प्लगइन आर्डरला जोडून देणारं). याब्रिज ५.१.० आणि वाइन ९.२२ किंवा पुढचं यांचं जमत नाही: प्लगइनची खिडकी उघडते, पण क्लिक भलतीकडेच लागतं. म्हणून वाइन ९.२१ वर थांबवून ठेवा. याब्रिजसोबतच्या याब्रिजसीटीएल या कमांडला विंडोज प्लगइनचा फोल्डर 'ॲड'ने एकदाच सांगायचा, 'सिंक' मात्र प्रत्येक नवा प्लगइन टाकल्यावर करायचं.